होडीच्या तळात रोज सकाळी तांब्याभर पाणी: गळती शोधण्याआधी काय करावं

प्लायवूडची छोटी होडी ज्याने बांधली त्याला हा अनुभव चुकत नाही. रात्री निजण्याआधी तळ फडक्याने पुसून कोरडा करायचा आणि सकाळी पायाखालची फळी उचलली की तळात तांब्याभर पाणी. सांधे भरले की चार दिवस बरे जातात, मग पुन्हा पाणी. आणखी भरले, पुन्हा पाणी. मी हा खेळ तीन मोसम खेळलो. चौथ्या मोसमात उलगडा झाला, आणि तेव्हा कळलं की आधीच्या तीन मोसमांत मी केलेल्या उपायांनीच होडी कुजत आणली होती. तुमच्याही तळात पाणी येत असेल तर हातातली सीलंटची नळी आधी खाली ठेवा आणि मग पुढे वाचा.

होडी कशी आहे ते सांगतो, कारण गळतीचं गणित तिच्या घडणीवर आहे. हाउसबोट म्हटलं की लोकांना केरळ आठवतं, नाहीतर तारकर्ली. माझी त्यातली नाही. सपाट बुडाची पेटी, सोळा फूट लांब, सहा फूट रुंद, वर दोघांना आडवं होता येईल एवढी खोपी. नाव ‘पडवी’, कारण आत बसलं की गावच्या घराच्या पडवीत बसल्यासारखंच वाटतं. बुडाला १२ मिमी प्लाय, बाजूंना ९, छताला ६. आठ बाय चारच्या चार शीट आडव्या टाकून सहा फुटांवर कापल्या आणि उरलेले दोन-दोन फुटांचे तुकडे सांध्यांवर आतून पट्ट्या म्हणून चिकटवले. म्हणजे बुडाला तीन आडवे सांधे, आणि बूड व बाजू मिळतात तिथे दोन्हीकडे लांबच लांब कोपऱ्याचे सांधे. ते तांब्याच्या तारेने टाचून वरून इपॉक्सीत (दोन द्रव कालवले की कडक होणारा डिंक) लाकडाचा भुसा कालवून भरलेले. मागे उभी फळी, तिच्यावर छोटं पेट्रोल इंजिन. पेशाने मी वायरमन आहे, सुतार नाही. हे कुठे कुठे दिसेलच.

चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीत गोवळकोटच्या धक्क्यावरून निघायचं, ओहोटीबरोबर मालदोलीच्या बाजूला उतरायचं, रात्र काढायची आणि भरतीबरोबर परत, असा आमचा शिरस्ता. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून उपयोगी पडते. चतुर्थीला तीनच्या सुमारास किनाऱ्यावर भरती, आणि खाडीत आत ती उशिरा पोचते एवढं ध्यानात ठेवलं की झालं. ओहोटीला होडी चिखलात बसते, भरतीला उठते. हे उठणं-बसणंही पुढे महत्त्वाचं आहे.

पहिल्या मोसमात मी काय केलं? पाणी मागच्या डाव्या कोपऱ्यात साठायचं, म्हणून तो कोपरा गळतोय असं धरून चाललो. बाथरूमला लावतात ते सिलिकॉन आणलं आणि आतून तिथे बोटभर जाड थापलं. महिनाभर बरं गेलं. मग पाणी उजव्या कोपऱ्यात दिसायला लागलं. तिथेही थापलं. दुसऱ्या मोसमात बुडाच्या आडव्या सांध्यांवर. तिसऱ्या मोसमात आतून जिथे जिथे रेघ दिसेल तिथे. एव्हाना तळ एखाद्या जुन्या फ्रीजच्या दारासारखा दिसायला लागला होता, आणि पाणी होतं तेवढंच.

मध्यंतरी खाडीच्या मुखावरच्या दाभोळचे एक खारवी (दर्यावर्दी) आजोबा होडी पाहायला आले. त्यांना आधी वाटलं, मी उगाच घाबरतोय. म्हणाले, पाण्यात ऱ्हाव दे, लाकूड फुगल आनि फट बंद व्हईल. त्यांच्या होडीच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. फळ्यांची होडी पावसाळ्यात शाकारून (झाकून) ठेवल्यावर सुकते, फटी पडतात. फटींत कापूस ठोकून वर राळ-तेल दिलं तरी नारळी पौर्णिमेला पाण्यात ढकलल्यावर पहिल्या दिवशी पाझरतेच. मग फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकींना घट्ट दाबतात. प्लायवूडला फुगायला जागाच नसते. त्याचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे तो रुंदीत फुगत नाही, जाडीत फुगतो आणि डिंक सुटतो. फळीची होडी पाणी पिऊन शहाणी होते, प्लायची मरते. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते हसले, सिलिकॉन नखाने उचकटून पाहिलं आणि म्हणाले, “आदी पानी वळख, मंग भोक बुजव.”

चौथ्या मोसमात मी एवढंच केलं. भोकाचा विचार सोडला आणि पाण्याच्या मागे लागलो.

सुरुवात वहीपासून. पाणी फडक्याने पुसून टाकायचं नाही. स्पंजने टिपायचं आणि मापाच्या बाटलीत पिळायचं. किती मिलिलिटर ते लिहायचं, शेजारी तिथी, रात्री होडीत किती माणसं, चूल आत पेटवली की बाहेर, छतावर दहिवर होतं की नाही, होडी रात्री चिखलावर बसली की तरंगती राहिली. दहा-बारा रात्रींनंतर आकडे बोलायला लागतात. मला तर पहिल्याच आठवड्यात धक्का बसला. एका रात्री आम्ही गेलोच नव्हतो, होडी धक्क्याला रिकामी, बंद. सकाळी दीडशे मिलिलिटर. दुसऱ्या रात्री आम्ही दोघं झोपलो होतो, चहा आत केला होता, सकाळी पाचशेच्या पुढे. आणि एकदा मागे इंजिनापाशी तिघं जण बसून संध्याकाळभर गळ टाकला, तर झोपायच्या आधीच दोन लिटर. एकाच भोकातून रिकाम्या होडीत दीडशे आणि तिघांच्या भाराने दोन लिटर पाणी कसं येईल? म्हणजे पाणी एक नव्हतं.

मग पाणी ओळखायचं कसं. समुद्राच्या काठचा माणूस बोट बुडवून जिभेला लावतो. करायचं तर करा, पण थुंका. तळातल्या पाण्यात पेट्रोलचा थेंब असतोच. मी फोडणीची जुनी पळी वापरतो. चमचाभर पाणी पळीत घ्यायचं, मंद आचेवर आटवायचं. पांढरा खरखरीत थर राहिला तर पाणी खाडीचं. पळी जवळपास स्वच्छ राहिली तर पाणी आकाशातलं किंवा तुमच्या श्वासातलं. दाभोळकडे होडी असेल तर एवढी परीक्षा पुरेशी आहे.

गोवळकोटला मात्र ती मला चकवून गेली. तिथे पळी स्वच्छ राहायची, म्हणून मी बरेच दिवस खाडीला निर्दोष सोडलं होतं. मग लक्षात आलं की कोयनेचं अवजल वाशिष्ठीला येऊन मिळतं. सह्याद्रीच्या पलीकडचं पाणी वीज करून या बाजूला उतरतं, त्यामुळे वरच्या भागात ओहोटीच्या शेवटी खाडीचं पाणीही जवळजवळ गोडंच असतं. म्हणून परीक्षा दोन पळ्यांची करायची: एकीत तळातलं पाणी, दुसरीत त्याच वेळचं होडीबाहेरचं. दोन्ही आटवा आणि शेजारी शेजारी ठेवा. बाहेरचं पाणी बादलीने काढा. मालदोलीच्या आसपास मगरी आहेत, कठड्यावरून वाकून हात घालायची सवय लावून घेऊ नका. पर्यटक त्या बघायला पैसे देऊन येतात. आम्ही त्यांच्याच घरात झोपतो.

दुसरा चकवा मिठाचा. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे सांगायला नको. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. होडीच्या तळात एकदा खारं पाणी शिरून सुकलं की प्लायच्या धाग्यांत मीठ राहतं. दिवसा कोरडं दिसतं, रात्री हवा ओलावली की तळ घामेजतो, आणि पळीत आटवलं तर मीठ सापडतं. माणूस म्हणतो, बघा, खाडीचं पाणी! त्या रात्री थेंबही आत आलेला नसतो. म्हणून कुठलीही परीक्षा करण्याआधी तळ दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने धुऊन काढा आणि दोन दिवस उन्हात उघडा ठेवा. हे न करता माझा एक अख्खा आठवडा वाया गेला.

श्वासाचं पाणी लोकांना खरं वाटत नाही. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून कपभर तरी पाणी हवेत सोडतो. दोघं असले की दोन कप. त्यात गॅस. एक किलो गॅस जळला की जवळजवळ दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. चहा-भाताला शंभर ग्रॅम गॅस जळला तर दीडशे ग्रॅम वाफ, भांड्यातून निघाली ती वेगळी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई (जमिनीकडून येणारा वारा) सुटते, छताची पातळ प्लाय गार पडते, आणि ही सगळी वाफ छताला आतून लागून थेंब होऊन बाजूंवरून तळात जाते. खात्री करायची असेल तर पॉलिथिनचा हातभर तुकडा तळाच्या कोरड्या भागावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा. सकाळी ओल वरच्या अंगाला असेल तर ती हवेतली, खालच्या अंगाला असेल तर बुडातून आलेली.

यावर उपाय सीलंट नाही, हवा आहे. एक झरोका खाली नाळेकडे (पुढच्या टोकाला), एक वर मागे, दोन्ही रात्रभर उघडे. डासांसाठी जाळी लावा, काच लावू नका. चूल बाहेर. यात ओलीपेक्षाही मोठं कारण आहे: बंद खोपीत चूल किंवा कोळशाची शेगडी ठेवून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो, वासही येत नाही. गॅसची बाटलीही आत नको. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळात जाऊन बसतो आणि तिथे इंजिनाची ठिणगी वाट बघत असते.

झरोके केल्यावर आमचे पाचशे मिलिलिटर अडीचशेवर आले. उरलेल्यातले दीडशे त्या रिकाम्या होडीतले. माणूस नाही, चूल नाही, पाऊस नाही, नोव्हेंबर महिना. हे पाणी कुठलं?

त्यासाठी होडी जमिनीवर घ्यावी लागली. चार ठोकळ्यांवर, बूड गुडघाभर उंच. आधी आतून परीक्षा केली: तळात दोन इंच पाणी भरलं, त्यात कपड्यांची नीळ कालवली, आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर फळ्यावरच्या खडूने जाड पांढऱ्या रेघा मारल्या. खडूवर ओल आली की ती लगेच गडद होते, त्यात निळी असली तर शंकाच नको. भरताना वजनाचा अंदाज ठेवा. माझ्या बुडाचा सपाट भाग तेरा बाय सहा फूट, म्हणजे एक इंच पाण्याला १८४ लिटर, दोन इंचांना पावणेचारशे किलो. ठोकळे बुडाच्या आडव्या पट्ट्यांखालीच हवेत, नाहीतर परीक्षेतच बूड फाटेल.

रात्रभर ठेवलं. सकाळी बुडाचे तिन्ही आडवे सांधे कोरडे. डावा कोपरा कोरडा, उजवा कोरडा. ज्या सांध्यांवर मी तीन मोसम सिलिकॉन थापत होतो ते पहिल्या दिवसापासून ठणठणीत होते. त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता.

मग बाहेरून परीक्षा. यात क्रम महत्त्वाचा, आणि बहुतेकांचा तोच चुकतो. पाण्याची नळी थेट छतावर सोडायची नाही. खालून वर जायचं. आधी बुडाच्या काठावर दहा मिनिटं, मग बाजूवर दहा मिनिटं, मग खिडकीच्या खालच्या कडेवर, मग वरच्या, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. एक जण बाहेर नळी धरून, एक आत बॅटरी घेऊन. आत सगळीकडे टाल्कम पावडर शिंपडायची, पाण्याचा ओघळ तिच्यावर वाट काढत येतो आणि ती वाट मागे शोधत जाता येते. आत माझा भाचा होता. छताची पाळी येईपर्यंत कंटाळून मोबाइल बघत बसला होता. मी छताच्या कडेच्या कठड्यापाशी नळी धरली आणि दोन मिनिटांत आतून ओरडला, “मामा, इथून खाली येतंय, पण खिडकीपासून नाय!”

छतावर चढताना धरायला मी स्टीलचा कठडा बसवला होता, त्याचे बारा स्क्रू छताच्या कडेत गेलेले. प्लायच्या कडेला धाग्यांची तोंडं उघडी असतात, नळ्यांच्या मोळीसारखी. स्क्रूच्या बाजूने शिरलेलं पाणी तिथून आत झिरपायचं, आतल्या उभ्या पट्टीच्या मागून बाजू उतरायचं आणि आठ फूट लांब, मागच्या डाव्या कोपऱ्यात प्रकट व्हायचं, कारण होडी तिथे अर्धा इंच खाली झुकलेली आहे. पाऊस नव्हता हे खरं, पण दहिवर रोज पडत होतं. हिवाळ्याच्या पहाटे छतावरून ओघळ लागतात, ते सगळे कडेला, बरोब्बर त्या बारा भोकांपाशी.

आणि सिलिकॉन? वाकांच्या (तळातल्या आडव्या लाकडांच्या) खालून पाणी मागे वाहून जावं म्हणून पाणवाटा ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन मी सिलिकॉनने बुजवून टाकल्या होत्या. त्यामुळे पाणी कोपरा बदलायचं आणि मला वाटायचं की एक गळती बंद झाली, दुसरी सुरू झाली. जे पुढे जाऊ शकत नव्हतं ते पट्टीच्या मागे मुरत होतं. पट्टी काढली तर खालचा प्लाय काळा, पेचकसाने टोचलं की भिजलेल्या बिस्किटासारखा. पेचकसाच्या मुठीने सगळी बाजू ठोकून पाहिली: चांगल्या जागी ‘ठण’, कुजलेल्या जागी ‘भद’. वीतभर रुंद, अडीच फूट लांब भद.

इथे एक गोष्ट पटायला वेळ लागते: लाकूड कुजवतं ते गोडं पाणी. खाऱ्या पाण्याचा धोका वेगळा. त्यात लाकूड पोखरणारा किडा असतो, जो खरं तर शिंपल्याच्या कुळातला आहे. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तिला हवं असतं थोडं गोडं पाणी, थोडी हवा आणि कोंडलेली जागा. माझ्या सिलिकॉनने तिला तिन्ही दिलं होतं.

दुरुस्तीबद्दल. सिलिकॉन काढणं हे सगळ्यात किचकट काम. पात्याने खरवडून, मग कपड्याने घासून, मग पॉलिश पेपरने लाकूड दिसेपर्यंत. त्याचा अंश राहिला की वर ना रंग धरत ना इपॉक्सी. कुजका भाग चांगल्या लाकडात तीन-चार इंच आत जाईपर्यंत कापून काढला. मग गोड्या पाण्याने धुऊन, खोपीत हॅलोजनचा दिवा लावून आठवडाभर सुकवलं (धंद्यातल्या वस्तू अशा वेळी कामी येतात). ओल्या किंवा खारट लाकडावर इपॉक्सी लावणं म्हणजे पुढच्या मोसमाचं काम आजच करून ठेवणं. तुकडा बसवताना कडा तिरप्या तासल्या, जाडीच्या आठपट. ९ मिमीला सात सेंटिमीटरची उतरण. समोरासमोर कापून चिकटवला तर सांधा नुसत्या रेघेवर उभा राहतो.

इपॉक्सी कोकणात वेगळं वागतं. लावायचं ते दुपारनंतर, लाकूड निवत असताना. सकाळी ऊन चढताना लावलं की लाकडातली हवा गरम होऊन बाहेर येते आणि थरात टाचणीएवढी भोकं पडतात. माझ्या पहिल्या मोसमातला छताचा थर असा चाळणीसारखा झाला होता. थर सुकल्यावर हाताला मेणासारखा चिकट लागला तर तो हवेतल्या ओलीचा परिणाम. पाण्याने आणि भांडी घासायच्या काथ्याने धुऊन काढा, मगच दुसरा थर द्या. नुसतं घासलं तर ते मेण लाकडात दाबलं जातं. मे महिन्यात कपभर इपॉक्सी कालवून तसंच ठेवलं तर कप हातात धुमसायला लागतो. पसरट थाळीत ओतून घ्या. आणि फायबरच्या होड्यांचे कारागीर देतात ते पॉलिएस्टर रेझिन लाकडावर नको. फायबरवर ते चांगलं काम करतं, प्लायवरून दोन वर्षांत सालीसारखं निघतं.

आता भोकं. ही पद्धत आधी माहीत असती तर हा लेख लिहावा लागला नसता. ६ मिमीचा बोल्ट जायचा असेल तर आधी १२ मिमीचं भोक पाडा. खालून चिकटपट्टी लावून ते बंद करा. पातळ इपॉक्सी आत फिरवून धाग्यांना पिऊ द्या, मग भुसा कालवलेलं घट्ट इपॉक्सी भरून टाका. दोन दिवसांनी त्याच्या मधोमध ६ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टच्या बाजूने पाणी शिरलं तरी त्याला लाकूड भेटत नाही. भोकाच्या तोंडाला किंचित खळगा करून त्यात पॉलियुरेथेन सीलंट घाला, बोल्ट आवळला की त्याचं कडं तयार होतं. बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ खाऱ्या हवेत तपकिरी पाणी सोडतं, आणि सीलंटखाली जिथे हवा लागत नाही तिथे आतून खाल्लं जातं. वरून चकचकीत, काढायला गेलं की तुटून हातात.

मागे तिघं बसल्यावर आलेले दोन लिटर ही वेगळीच भानगड होती, आणि सोपी. इंजिनाच्या फळीचे खालचे दोन बोल्ट एरवी पाण्याच्या बोटभर वर राहतात. तीन माणसं मागे बसली की मागचं टोक खाली जातं आणि ते बोल्ट पाण्याखाली. आतून निळं पाणी दोनच इंच भरल्याने परीक्षेत ते भिजलेच नव्हते. तुम्ही परीक्षा कराल तेव्हा होडी आधी पाण्यात नेहमीच्या माणसांनिशी बसवून पाण्याची रेघ पेन्सिलने मारून ठेवा, आणि त्या रेघेपर्यंत प्रत्येक भोक तपासा. इंजिनाचा हादरा रोज बसतो म्हणून हे बोल्ट पुन्हा ढिले होतात. मी आता दर महिन्याला पाना लावतो.

प्लायच्या दर्जाविषयी थोडकं, कारण विचारणारे खूप. आयएसआय छापाखाली ७१० आकडा असेल तर मरीन (पाण्यातल्या कामाचा), ३०३ असेल तर साधा. ३०३ मध्येही बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा दर्जा आहे, पण त्याची उकळण्याची परीक्षा आठ तासांची, मरीनची ७२ तासांची. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमच्या घरात पाणी होतं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या एमआर (नुसत्या ओलीला टिकणाऱ्या) प्लायच्या कपाटांचे पापुद्रे सुटले, आणि माळ्याखाली पडलेला मरीनचा एक तुकडा चिखल धुतल्यावर जसाच्या तसा. बुडाला आणि बाजूंना पैसे वाचवू नका. पण हेही खरं की मरीनमध्ये टिकतो तो डिंक. त्यातलं लाकूड कुजतंच. माझी बाजू मरीनचीच होती.

पावसाळ्यासाठी शाकारताना मी आधी निळी ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधायचो. ऑगस्टमध्ये उघडली की आत बुरशीचा वास. आता गावातल्यासारखे झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) घालतो, खाली बांबूचा आधार, दोन्ही टोकं उघडी, तळाची बूच काढलेली. झापातून हवा खेळते. आजोबांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडलं असावं.

या मोसमाची वही समोर आहे. नोव्हेंबरपासून रिकाम्या होडीत शून्य, दोघं झोपलो तर साठ-सत्तर मिलिलिटर, पळी स्वच्छ. फक्त उधाणाच्या दिवसांत, होडी मालदोलीला खडकाळ बाजूला बसली की मागच्या डाव्या कोपऱ्यात चमचाभर पाणी, आणि पळीत पांढरा थर. तळ धुतलेला आहे, म्हणजे मीठ जुनं नाही. ओहोटीला बसताना एखादं कालव कोपऱ्याच्या सांध्याला खरवडत असावं असा संशय आहे. येत्या अमावस्येला होडी चिखलावर बसली की बॅटरी आणि खडू घेऊन खाली उतरणार आहे. भाचा वर बसून मगरींवर नजर ठेवेल. त्याने कबूल केलंय, मोबाइल खाली ठेवून.